गाळलेले रविवार

गेल्या वर्षी पोळा उलटून गेल्यावर एका संध्याकाळी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेच्या व्हरांड्यात आले आणि खिशातला मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. ‘गुर्जी, हे पाहा,’ एवढेच म्हणाले. मी पाहिले. काळ्याभोर जमिनीत एक पऱ्हाटी उभी होती; हातभर उंचीची, मलूल. स्वच्छ कपडे घातलेला एक गृहस्थ तिच्यावर कसलेसे औषध फवारीत होता. मग गाणे सुरू झाले आणि त्या गाण्याच्या तालावर पऱ्हाटी वाढू लागली. फांद्या फुटल्या, पाती लागली, फुले आली, बोंडे धरली आणि शेवटी सारे झाड पांढरेशुभ्र फुटले. आमचा सबंध खरीप त्या पडद्यावर पाऊण मिनिटात आटोपला होता.

औषधाच्या बाटलीवरचा मजकूर मी वाचून द्यावा एवढ्यासाठी ते आले होते. बाटल्या दोन होत्या आणि पैसे उसनवारीने दिलेले होते. मी जपून राहा म्हटले. पण गाण्याच्या तालावर वाढलेल्या झाडापुढे मास्तराच्या बोलण्याला कितीसे वजन असणार? पुढे सीतादही होऊन वेचणीला सुरुवात झाली. त्यांच्या झाडांना शेजारच्या वावरातल्या झाडांइतकीच बोंडे होती. एकही जास्त नव्हते. ते चिडलेले असतील अशी माझी समजूत होती. पण ते शांतपणे म्हणाले, ‘औषध खोटं निंघालं, गुर्जी. पन झाड खोटं नोतं. मी माह्या डोयानं पाह्यलं ना!’

हे वाक्य काही केल्या माझ्या मनातून जाईना. कारण ते खरे होते. झाड खोटे नव्हतेच. कुणीतरी, कुठेतरी ते लावले होते, त्याला पाणी घातले होते आणि त्याचे चित्र घेतले होते. पाने खरी, बोंडे खरी, कापूसही खराच. मग खोटे नेमके कुठे शिरले? एखादी कादंबरी कुठे फसली हे शोधण्याची ज्याला सवय आहे, त्याला हा प्रश्न सोडून देणे कठीण. हल्ली आपल्या घरातली लहानथोर माणसे दिवसातून कितीतरी वेळ अशी हलती चित्रे पाहतात. जाहिरातवाले आणि प्रचारवाले त्यांच्याच बळावर आपले लक्ष ओढून घेतात. तेव्हा नाटका-कादंबरीची जशी समीक्षा होते, तशी या चित्रांचीही व्हावयास काय हरकत आहे? कारंज्यासारख्या ठिकाणी बसून मला जे सुचले ते मांडतो.

आपल्याकडच्या चित्रपटाची कथाच मुळी अशा एका रोपापासून सुरू होते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, यंत्र होते, फक्त पैसा नव्हता. चित्रपट म्हणजे काय, हे पैसेवाल्यांना तोंडाने सांगून पटण्यासारखे नव्हते. मग दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि रोज थोडेथोडे चित्रण करीत महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ती फीत पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मिनिटभरात दाण्याचे रोप करून दाखवीत असे. ती पाहून कर्ज देणारा मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

म्हणजे फाळक्यांचे ते पहिले रोप कामाच्या दृष्टीने जाहिरातच होते. सावकाराचे लक्ष वेधून त्याची थैली सोडवणे हाच त्याचा हेतू. युक्तीही तीच, जी माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांना भुलवून गेली: मधला काळ गाळायचा. मग फाळक्यांना वंदन करायचे आणि औषधवाल्याला बोल लावायचा, हा न्याय कसला?

मला फरक दिसतो तो असा. फाळक्यांनी महिना गाळला. पण महिना गाळला आहे, हेच त्यांना दाखवायचे होते. जे घडायला महिना लागतो ते आमचे यंत्र मिनिटात दाखवू शकते, असे त्या फितीचे म्हणणे. काळ कापण्याची करामत हाच तिचा विकावयाचा माल होता आणि तो उघड्यावर मांडलेला होता. औषधवाल्याने काळ तसाच कापला; पण कापलेल्या काळाचे श्रेय बाटलीला दिले. फवारणी आणि फुटलेले बोंड यांच्यामध्ये जो पाऊस पडला असेल, जी निंदणी-डवरणी झाली असेल, जे खत पडले असेल, ते सारे गळाले. आणि आधी बाटली व नंतर बोंड एवढेच उरले. दोन चित्रे एकापाठोपाठ ठेवली की पहिले कारण आणि दुसरे कार्य, असे आपले मन आपोआप धरून चालते. खोटे चित्रात नसते. ते दोन चित्रांच्या मधल्या सांध्यात असते.

जाहिरातीचा इतिहास या नजरेने पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती लागू लागल्या. माझ्या पिढीच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, गल्लीत एखाददुसरा दूरदर्शनसंच असे आणि आम्ही मुले जाहिरातीसुद्धा मालिकेइतक्याच आवडीने पाहत असू. सर्फची ललिताजी आठवा. अहमदाबादची स्वस्त निरमा पावडर घरोघर जाऊ लागली होती आणि महागडी सर्फ का घ्यावी, हा प्रश्न गृहिणीपुढे होता. अ‍ॅलेक पदमसी यांच्या लिंटास संस्थेने कविता चौधरी या अभिनेत्रीला ललिताजी केले. ती बाई भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, फटकळ. ती काय म्हणे? स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. पटो वा न पटो, तो एक युक्तिवाद होता. त्याला उत्तर देता येत असे. माझी आई पडद्याकडे पाहून मोठ्याने उत्तर देतही असे, आणि घरात निरमाच येत असे.

आता युक्तिवादाला जागाच ठेवलेली नाही. यूट्यूबवर पुष्कळशा जाहिराती पाच सेकंदांनंतर ओलांडता येतात. म्हणून जे काही पकडायचे ते पाच सेकंदांच्या आत. पुढे सहा सेकंदांच्या जाहिराती निघाल्या, त्या तर ओलांडताही येत नाहीत. पुष्कळ लोक मोबाईल मुका ठेवून पाहतात, म्हणून अक्षरे मोठी, रंग भडक, आणि पहिल्याच क्षणी काहीतरी फुटते, पडते किंवा रडते. सहा सेकंदांत कारण देता येत नाही, फक्त परिणाम दाखवता येतो. लक्ष मोजण्याची रीतही मोठी गमतीची आहे. फेसबुकने २०१६ साली कबूल केले की, लोक एखादी चित्रफीत सरासरी किती वेळ पाहतात, हा आकडा जाहिरातदारांना सुमारे दोन वर्षे फुगवून सांगितला गेला. कारण तीन सेकंदही न थांबणाऱ्यांना त्या सरासरीतून वगळलेले होते. वाचकांनी यातला विनोद पाहावा. आपल्याला गाळीव चित्र दाखवणाऱ्या जाहिरातदारांनाच गाळीव हिशेब मिळाला!

इथवर बाजाराची गोष्ट झाली. बाजारात फसलो तर दोन बाटल्यांचे पैसे जातात. पण हीच कला राज्यकारभाराच्या प्रचारात आली म्हणजे काय होते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग २०१९ सालचा.

त्याआधी २०१७ मध्ये राज्य सरकारची ‘मी लाभार्थी’ ही जाहिरातमाला सुरू झाली होती. शेततळे मिळालेला शेतकरी, कर्ज मिळालेला तरुण, अशी खरीखुरी माणसे पडद्यावर येऊन आपल्याला काय मिळाले ते सांगत. त्यांतल्या काहींना तो लाभ आधीच्याच राजवटीत मंजूर झाला होता, असा वाद तेव्हा रंगला. म्हणजे पुन्हा तेच: माणूस खरा, तळे खरे, तारीख तेवढी गळालेली. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, हरिसाल नावाचे गाव आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्याने ते देशातले पहिले डिजिटल गाव झाल्याची प्रसिद्धी २०१६ पासून होत होती आणि त्याच्याही जाहिराती निघाल्या होत्या.

मग २०१९ची लोकसभा निवडणूक आली. राज ठाकरे यांच्या पक्षाने एकही उमेदवार उभा केला नव्हता. तरी गुढीपाडव्याला, ६ एप्रिल रोजी, शिवाजी पार्कवर आणि नंतर नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, सातारा, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी सभा घेतल्या. व्यासपीठावर मोठा पडदा. बोलता बोलता ते थांबत आणि म्हणत, ‘लाव रे तो व्हिडिओ’. पडद्यावर पंतप्रधानांचे जुने भाषण लागे, मग सरकारी जाहिरात, मग त्याच गावात जाऊन घेतलेले चित्रण. सोलापूरच्या सभेत तर हरिसालच्या जाहिरातीत दिसलेला तरुणच त्यांनी व्यासपीठावर उभा केला. त्यांची एकही सभा विदर्भात झाली नाही आणि आमच्या वर्धा मतदारसंघाचे मतदान ११ एप्रिललाच होऊन गेले. तरी कारंज्याच्या बसस्थानकावर मे महिन्यापर्यंत पोरांच्या तोंडी तेच चार शब्द होते.

समीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रयोग अस्सल होता, असे मला वाटते. मग वक्त्याचे राजकारण कुणाला आवडो वा न आवडो. कारण जाहिरातीने जो मधला काळ गाळला होता, तो त्यांनी पुन्हा आत घातला. २०१४ चे वचन आणि २०१९ चे वास्तव शेजारी शेजारी ठेवले आणि मधली पाच वर्षे मोजायला लोकांना लावले. चित्रफितीनेच चित्रफितीची उलटतपासणी व्हावी, हे आपल्या सार्वजनिक जीवनात नवे होते. सत्ताधारी पक्षानेही उत्तरादाखल सभा घेऊन आपल्या चित्रफिती दाखवल्या आणि राज ठाकरे अर्धवट तुकडे दाखवतात, असा आरोप केला. भाषणाचा कुठलाही तुकडा हा अर्धवटच असतो, हे त्या आरोपात तथ्यही होते. गाळण्याची विद्या दोन्ही बाजूंना सारखीच येते.

आणि निकाल? महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या. सभा तुडुंब भरल्या, लोक पोट धरून हसले, घरी जाऊन पुन्हा पुन्हा तेच पाहिले. आणि मते मात्र ज्याला द्यायची त्यालाच दिली. निवडणुकीला अनेक कारणे असतात, ती सारी एका पडद्यावर लादणे बरोबर नाही. पण लक्ष मिळणे आणि मन वळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढा धडा यातून घ्यायला हरकत नाही. पुढे ९ एप्रिल २०२४ रोजी, पुन्हा गुढीपाडव्यालाच आणि पुन्हा शिवाजी पार्कवर, राज ठाकरे यांनी मोदींना पाठिंबा जाहीर केला. तेव्हा लोकांनी काय केले? त्यांच्याच २०१९च्या चित्रफिती बाहेर काढल्या. चित्रफीत ही अशी साक्षीदार आहे की, जो बोलावील त्याच्या बाजूने ती उभी राहते.

तर मग लक्ष वेधून घेणारी हलती चित्रे माणसाला नुसते बसवूनच ठेवतात, असे म्हणायचे काय? तसे म्हणायला मी तयार नाही. कारण आमच्या शेजारच्या आर्वी तालुक्यात काकडदरा आहे.

काकडदरा ही कोलाम आदिवासींची लहानशी वस्ती. आमिर खान आणि किरण राव यांनी स्थापन केलेल्या पाणी फाउंडेशनने २०१७ साली राज्यातल्या तीस तालुक्यांत ‘वॉटर कप’ स्पर्धा घेतली. ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस, विदर्भाच्या उन्हात, गावाने श्रमदान करून पाणी अडवण्याची कामे करायची. त्या स्पर्धेत पन्नास लाख रुपयांचे पहिले बक्षीस या काकडदऱ्याने मिळवले. या चळवळीचा सगळा डोलारा चित्रफितींवर उभा होता. प्रशिक्षणाला फिती, गावसभेत फिती, आणि दूरदर्शनसंचावर ‘तुफान आलंया’ ही मालिका. त्यात नट होते, अजय-अतुल यांचे संगीत होते, डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंग होते. म्हणजे जाहिरातीची सगळी हत्यारे होती.

त्या मालिकेतही गाळणे होतेच. माथ्यावर कुदळ पडते, गाणे चढते, पाऊस येतो आणि चर तुडुंब भरतो. मधले कंटाळवाणे दिवस, गावातली भांडणे, न आलेली माणसे यांना थोडकीच जागा. पाण्याच्या काही जाणकारांनी त्या कामांच्या शास्त्रीयतेवरही प्रश्न विचारले, आणि स्पर्धा संपल्यावर बांधांची निगा कोण राखणार, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. पण एका बाबतीत या फिती औषधाच्या फितीहून मुळातच वेगळ्या होत्या. चित्र संपल्यावर पाहणाऱ्याच्या हातात फावडे येत असे. पडद्यावर पाऊण मिनिटात खणलेला चर त्याला दुसऱ्या दिवशी स्वतः खणावा लागे आणि त्याला किती वेळ लागतो हे त्याच्या तळहाताला कळे. गाळलेला काळ तो स्वतःच्या घामाने भरून काढी. ज्याने चर खणला, त्याला चराच्या बाबतीत कुणी फसवू शकत नाही.

आमच्या या भागाला ही रीत नवी नाही. नागपूर-अमरावती रस्त्यावर आमचे कारंजा. त्याच रस्त्याने अमरावतीकडे निघाले की तुकडोजी महाराजांची मोझरी लागते, आणि अमरावती जिल्ह्यातच गाडगेबाबांचा जन्म झाला. बाबांपाशी पडदा नव्हता, दिवा नव्हता. गावात आले की हातातला खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत. हा कोण वेडा, म्हणून लोक जमत. लक्ष वेधले जाई ते असे. रात्री कीर्तनात बाबा सांगण्यापेक्षा विचारीत अधिक. देव पाहिला काय? कर्ज काढून सण करावा काय? उत्तर समोरच्या माणसाने द्यायचे. आणि तोवर गाव झाडून झालेले असे; ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने बाहेर जाऊन रस्ता पाहावा. आधी काम, मग बोलणे आणि बोलण्यात प्रश्न, असा तो क्रम होता. आजच्या प्रचारकाचा क्रम बरोबर उलटा आहे. त्याची फीत आपल्याला काही विचारीत नाही, आणि विचारलेच तर आपण उत्तर देण्यापूर्वी दुसरी फीत सुरू झालेली असते.

तेव्हा कोणतीही चित्रफीत पाहताना मी एक प्रश्न विचारायला शिकलो आहे: मधले दिवस कुठे गेले? फवारणी आणि बोंड यांच्या मधले, वचन आणि लाभ यांच्या मधले, कुदळ आणि पाणी यांच्या मधले. ज्या फितीला या प्रश्नाचे उत्तर देता येते ती माझ्या लेखी चांगली. ज्या फितीला हा प्रश्न विचारलेलाच आवडत नाही, तिच्यापासून दोन हात दूर राहावे.

आता हे मुलांना कसे शिकवायचे? फळ्यावर लिहून काही उपयोग नव्हता. यंदा मी वर्गाच्या खिडकीत एका कुंडीत वाटाणे पेरले आणि माझा मोबाईल विटेला टेकवून रोज त्याच जागेवरून एक छायाचित्र काढायला मुलांना सांगितले. पाच दिवस मातीशिवाय काही दिसेना. मुले कंटाळली. सहाव्या दिवशी एक वाकडी मान वर आली, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचला. पुढे महिनाभर छायाचित्रे निघाली. मात्र रविवारी शाळा बंद असे, आणि एकदा पावसाने दोन दिवस कुणीच आले नाही.

सगळी छायाचित्रे एकापाठोपाठ लावून आम्ही आमची चित्रफीत केली. ती जेमतेम अर्ध्या मिनिटाची झाली. वेल वर चढत जातो. पण मधेच तीनचार ठिकाणी दचकल्यासारखा उडी मारतो. मी म्हटले, ‘या उड्या बऱ्या दिसत नाहीत. मोबाईलमध्ये सोय असते म्हणतात, त्या मिटवता येतील.’ मुलांना खरोखरच काय वाटते ते मला पाहायचे होते. तर ज्याच्या वडिलांनी बाटल्या आणल्या होत्या, तोच मुलगा उठून म्हणाला, ‘नको सर. तिथं रविवार होता.’ आणि मग वर्गाने ठरवले की, उडीच्या प्रत्येक जागी पांढऱ्या कागदावर ‘इथे रविवार होता’ आणि पावसाच्या जागी ‘इथे दोन दिवस पाऊस होता’ असे लिहून त्याचे छायाचित्र घालायचे. तसे घातले.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना बोलावून ती फीत दाखवली. मुलाचे वडील मागच्या बाकावर बसले होते. फीत संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते मात्र उठून खिडकीपाशी गेले, कुंडीतल्या वेलाला हात लावला, ओल पाहिली, आणि मुलाला म्हणाले, ‘पानी कोन टाकत होतं रे रविवारी?’

मुलाने शेजारी राहणाऱ्या आजीचे नाव सांगितले. आमच्या फितीत तिचा कागद घालायचा राहून गेला होता.